केस पेपर तुमच्या हातात असतो

सरकारी दवाखान्यात आज ज्यांनी तपासलं तेच डॉक्टर पुढच्या खेपेला खुर्चीत असतील, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बऱ्याचदा एमबीबीएसनंतरचं बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष भरायला आलेली तरुण मुलगी किंवा मुलगा असतो. वर्ष सरलं की ते पुढच्या शिक्षणाला निघून जातात. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात इंटर्न (शिकाऊ डॉक्टर) या विभागातून त्या विभागात फिरत असतात, रेसिडेंट (एमबीबीएसनंतर पुढचं शिकणारे डॉक्टर) तीन वर्षांनी कॉलेजच सोडतात. जिल्हा रुग्णालयात बदल्या, शिबिरं, बैठका, कोर्टाच्या तारखा. या सगळ्या फिरत्या माणसांत तुमच्या आजाराची सलग आठवण असलेला माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही स्वतः. खाजगी फॅमिली डॉक्टरला तुमच्या वडिलांचा दमा आणि तुमचं ॲपेंडिक्स दोन्ही आठवतं. सरकारी ओपीडीत ही आठवण पेशंटनेच सांभाळायची असते, आणि ती कशी सांभाळायची हे तिथे कुणी सांगत नाही.

त्यात वेळ फार थोडा. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा आला होता. बांगलादेशात डॉक्टर पेशंटला सरासरी ४८ सेकंद देत होते, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपला देश दोन मिनिटांच्या आसपास होता. सोमवारी सकाळी कुठल्याही मोठ्या सरकारी ओपीडीच्या दाराशी उभं राहिलं तर हा आकडा पटतो. यात डॉक्टरचा दोष नाही. बाहेर शंभर माणसं उभी असताना आतला माणूस घाई करणारच. म्हणून त्या दोन मिनिटांची तयारी बाहेर, रांगेत उभं असतानाच करायची.

“काय होतंय?” या प्रश्नाला बहुतेक जण “अशक्तपणा वाटतो, अंगात कणकण आहे” असं उत्तर देतात. ज्यासाठी यायला लागलं ती खरी गोष्ट डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून संपवल्यावर निघते: “आणि डॉक्टर, जिना चढलं की छातीत जरा दाबल्यासारखं होतं.” तोवर पुढचा पेशंट स्टुलावर बसलेला असतो. ज्या तक्रारीने झोप उडवली ती पहिल्या वाक्यात सांगा, आणि त्याच वाक्यात ती कधीपासून आहे तेही. “तीन आठवड्यांपासून खोकला आहे, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरलंय” एवढं बोललं तरी डॉक्टरच्या हातातला पेन वेगळ्या दिशेने चालायला लागतो. पाठोपाठ आणखी तीन गोष्टी, न विचारता सांगायच्या: सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत (मेडिकलवाल्याने दिलेल्या आणि वैद्यांच्या पुड्यासुद्धा), कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली होती, आणि बाईमाणूस असेल तर पाळी चुकली आहे का. गर्दीत ही शेवटची गोष्ट सांगायला संकोच होतो. पण एक्स-रे आणि कितीतरी औषधं तिच्यावरच ठरतात. मोठ्याने बोलवत नसेल तर केस पेपरच्या कोपऱ्यात लिहून पुढे करा.

खोटं मात्र सांगू नका, विशेषतः गोळ्यांबद्दल. बीपीच्या पेशंटने आठवड्यातले तीन दिवस गोळी घेतली नाही आणि “रोज घेतो” म्हटलं, तर वाढलेलं बीपी पाहून डॉक्टर डोस वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. मग एखाद्या महिन्यात दोन्ही गोळ्या नेमाने घेतल्या की चक्कर येऊन माणूस पडतो. “मध्ये आठ दिवस संपल्या होत्या, एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते” असं सरळ सांगितलं तर डॉक्टर एक महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या गोळ्या लिहू शकतील का, हे तरी बघता येतं. बीपीच्या ॲम्लोडिपिन या गोळीने घोट्याजवळ पाय सुजू शकतात, काहींना त्याच कारणाने ती नकोशी होते. गुपचूप बंद करण्यापेक्षा सूज दाखवा. त्याला पर्याय असतो.

बीपी मोजण्याबद्दलही बोलायला हवं. दुसऱ्या मजल्यावरची ओपीडी, तासभर उभं राहणं, बाहेर घेतलेला चहा, तोंडात मिश्री, आणि मग शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळलेला पट्टा. यातून आलेला आकडा तुमचा नसतो. नीट मोजायचं तर आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, दंड उघडा आणि काळजाच्या उंचीवर ठेवलेला. “सिस्टर, आत्ताच जिना चढून आलेय, पाच मिनिटं बसते, मग घ्याल का?” या बोलण्याला बहुतेक सिस्टर हो म्हणतात. आकडा आला की तो विचारून घ्या. “नॉर्मल आहे” यावर समाधान मानू नका, १३८/८६ की १५८/९६ हे तुमच्या वहीत यायला हवं.

वही म्हणजे साधी चाळीस पानी. पहिल्या पानावर नाव, वय, वजन, चालू औषधांची नावं आणि ताकद (टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, अशी), आणि न चालणारी औषधं. पुढे प्रत्येक खेपेला दोन ओळी: तारीख, कोणत्या खोलीत दाखवलं, बीपी-साखर-वजन, काय बदललं. केस पेपर आणि रिपोर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या फायलीत, सगळ्यांत नवा वरती. आठ घड्या घालून ब्लाउजमध्ये किंवा वरच्या खिशात ठेवलेला केस पेपर घामाने विरतो आणि नेमकी औषधाची ओळ घडीवर फाटते. ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचे फोटो उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. ते उन्हात, दिव्याखाली आणि नुसत्या कपाटातसुद्धा फिके पडत जातात, आणि लॅमिनेशनला दिले तर काळे होऊन बसतात. त्यांची झेरॉक्स काढा किंवा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा. कधी छातीत दुखलं तर जुना ईसीजी शेजारी ठेवून पाहता येणं ही डॉक्टरसाठी फार मोठी मदत असते.

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आणखी एक खाचखळगा आहे, तो म्हणजे युनिट. मेडिसिन किंवा सर्जरी विभागात डॉक्टरांचे गट असतात आणि प्रत्येक गटाची ओपीडी ठरलेल्या वारी असते. मंगळवारी पहिल्यांदा दाखवलं, गुरुवारी सवड मिळाली म्हणून आलात, तर समोर वेगळंच युनिट बसलेलं असतं. त्यांना तुमची काही माहिती नाही, मग पुन्हा पहिल्यापासून तपासण्या किंवा “तुमच्या युनिटला या” म्हणून परत पाठवणी. केस पेपरवर युनिटचा आकडा किंवा प्रमुखाचं नाव लिहिलेलं असतं. खोलीतून बाहेर पडण्याआधी विचारा: पुन्हा कधी यायचं, कोणत्या वारी, आणि रिपोर्ट दाखवायला परत रांग लावायची की थेट आत यायचं. तपासणारे डॉक्टर रेसिडेंट असतील आणि प्रश्न मोठा असेल, ऑपरेशनचा किंवा गाठीचा, तर “मोठ्या सरांना एकदा दाखवता येईल का?” हे विचारणं अपमान नाही. तिथली रीतच तशी आहे.

आता औषधांची खिडकी. तिथे दोन घोटाळे नेहमीचे. एक, पट्टी कात्रीने कापताना नाव आणि मुदतीची तारीख कापलेल्या भागात जाते आणि हाती उरतात निनावी गोळ्या. दुसरा, खरेदीचा पुरवठादार बदलला की तीच गोळी कधी पांढरी, कधी गुलाबी येते. घरात जुन्या पांढऱ्या शिल्लक असतात, माणूस ‘डॉक्टरांनी नवीन दिली’ समजून दोन्ही घेतो. साखरेच्या गोळ्यांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. म्हणून गोळी रंगाने ओळखायची नाही, नावाने ओळखायची. खिडकीवर प्रत्येक गोळी हातात घेऊन “ही कशाची, कधी घ्यायची” विचारा आणि कागदी पाकिटावर १-०-१ असं लिहून घ्या. वाचता येत नसेल तर फार्मासिस्टकडून सूर्य-चंद्र काढून घ्या, ते काढतात.

“बाहेरून आणा” म्हणून छोटी चिठ्ठी मिळाली तर लगेच समोरच्या मेडिकलकडे धावू नका. आधी विचारा की हे औषध साठ्यात संपलंय की इथे येतच नाही. आणि मग: “मॅडम, इथे जे मिळतं त्यातलं यासारखं काही चालेल का?” पुष्कळदा चालतं. नव्या रेसिडेंटला खिडकीवर काय आहे हे माहीतच नसतं. गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांच्यासाठी तर सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं, तपासण्या, रक्त, सिझेरियन, बाळंतिणीचं जेवण, घरून आणणं आणि परत सोडणं, सगळं मोफत आहे. हा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्या चिठ्ठीवर “हे बाळंतिणीला लागणारं आहे” एवढं सांगणं पुरे व्हावं, पुरत नसेल तर वैद्यकीय अधीक्षकांचं दार ठोठवा. विकत घ्यावंच लागलं तर जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या आणि पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर पुढे कुठे दाद मागता येत नाही.

मोठं ऑपरेशन असेल तर ‘योजनेत बसतं का’ हा प्रश्न ॲडमिट होतानाच विचारायचा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत तिचं टेबल असतं आणि तिथे योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी ऑनलाइन मंजुरी लागते, रेशन कार्ड आणि ओळखपत्र लागतं. टाके पडल्यावर कागद घेऊन गेलं की हात हलवत परत यावं लागतं. नुसत्या ओपीडीच्या तपासणीला ही योजना लागू होत नाही, हेही माहीत असलेलं बरं.

कुत्रा चावण्याचं उदाहरण मी मुद्दाम सविस्तर देतो, कारण इथे पेशंटला माहिती नसेल तर जीव जातो आणि रेबीज झाल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. चावा बसला की आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग दवाखाना, त्याच दिवशी. सरकारी दवाखान्यांत लस सहसा कातडीत देतात: प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिलि, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरून मोजायचं. एक कुपी अनेकांना पुरते आणि उघडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून “चार पेशंट जमू देत, उद्या या” असं कधीकधी सांगितलं जातं. पहिला डोस उद्यावर ढकलायचा नसतो. शांतपणे पण ठामपणे सांगा, नाही जमलं तर पुढच्या दवाखान्यात जा, पण त्याच दिवशी.

आणि याहून महत्त्वाचं: कातडी फुटून रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही. जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लागतं, कारण लसीची ताकद अंगात यायला दिवस लागतात आणि मधल्या काळात हेच राखण करतं. ते वजनावर ठरतं, म्हणून लहान मुलाचं वजन काट्यावर करून घ्या. प्राथमिक केंद्रात ते बहुधा नसतं. मग धनुर्वाताचं इंजेक्शन आणि लस देऊन घरी पाठवलं जातं आणि घरच्यांना वाटतं काम झालं. “रक्त आलंय, जखमेतलं इंजेक्शन कुठे मिळेल?” हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय असेल तर संदर्भ चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी निघा. लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत ते देता येतं, त्यानंतर नाही. जखमेला टाके घालायला कुणी निघालं तर इंजेक्शनआधी ते घालायचे का, हेही विचारा.

क्षयरोगातही असंच बारीक लक्ष लागतं. थुंकीच्या डबीत लाळ गेली तर तपासणी वाया जाते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून आलेला बेडका द्यायचा, आणि तो उघड्या हवेवर, घरच्यांपासून लांब. गोळ्या वजनाच्या गटाप्रमाणे मिळतात: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. केस पेपरवर वजन अंदाजाने लिहिलेलं दिसलं तर काट्यावर उभे राहा. पहिले दोन महिने चार औषधांची गोळी, नंतरचे चार महिने तीन औषधांची. लघवी नारिंगी होते, ते घाबरण्यासारखं नाही. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. क्षयाच्या पेशंटला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० झाले आहेत. ते अडकतात ते बहुतेक बँक खात्याच्या तपशिलातल्या चुकीमुळे, म्हणून पासबुकाची प्रत देताना खातं चालू आहे ना, ते बँकेत पाहून या.

ॲडमिट झाल्यावर सगळ्यांत घाईत होणारं काम म्हणजे संमतीपत्रावरची सही. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ऑपरेशन कोणतं, भूल कसली, रक्त लागेल का, न केल्यास काय होईल, आणि आत गेल्यावर ठरलेल्यापेक्षा जास्त काही करावं लागलं तर काय, एवढं विचारून घ्या. समीरा कोहली या पेशंटच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका उपचाराची संमती म्हणजे दुसऱ्याची संमती नव्हे, जीव वाचवण्याची निकड असेल तेवढाच अपवाद. कंटाळून किंवा भांडून पेशंटला घरी न्यायचं ठरवलं तर कागदावर ‘डामा’ असा शेरा येतो, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. तो घेण्याआधी निदान मोठ्या डॉक्टरांशी एकदा बोला. घ्यावाच लागला तरी काय निदान झालं आणि काय औषधं दिली ते लिहून मागा. पुढच्या दवाखान्याला तेवढाच आधार असतो. डिस्चार्ज कार्डावर रिपोर्टचे आकडे नसतील तर प्रती मागा. वैद्यकीय नीतीच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज अभिलेख विभागात करायचा.

वरच्या रुग्णालयात पाठवत असतील तर चिठ्ठीवर दिलेली इंजेक्शनं आणि त्यांची वेळ आहे का बघा, १०८ची गाडी मोफत आहे, आणि तिकडे फोन करून खाट आहे का विचारायची विनंती करा. ‘खाट नाही’ या दोन शब्दांचा इतिहास आहे. १९९२ साली बंगालमध्ये लोकलमधून पडून डोक्याला मार लागलेल्या हाकिम शेख या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे.

तक्रार करायची वेळ आलीच तर ती चुकीच्या टेबलावर जाते, आणि तिथेच विरते. प्राथमिक केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, त्यांचे साहेब तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. मेडिकल कॉलेज वेगळ्याच खात्याचं, तिथे अधिष्ठाता (डीन). महापालिकेचा दवाखाना पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट सगळं मोफत झालं ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. मेडिकल कॉलेजच्या खिडकीवर पैसे मागितले म्हणून त्या निर्णयावरून भांडण काढण्यात अर्थ नाही. ग्राहक आयोगाचाही (आधीचा ग्राहक मंच) इथे उपयोग नाही, कारण सगळ्यांना फुकट मिळणारी सेवा त्या कायद्यात येत नाही असं १९९५ पासून ठरलेलं आहे. आवाज चढवून तर काहीच मिळत नाही. हात उगारला तर २०१० च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ज्या सिस्टरवर आपण ओरडतो तिच्या हाती सबंध वॉर्ड असतो. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर आवकचा शिक्का घ्या. तारीख, वेळ, खोली, काय मागितलं, काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा, विशेषणं नकोत. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या तिकिटावर विचारा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे.

एकट्याने हे करणं जड जातं. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्याच केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले. नर्सताई येते का, बाहेरची चिठ्ठी देतात का, पैसे मागतात का. जनसुनवाईत हे तक्ते अधिकाऱ्यांसमोर ठेवले गेले, आणि तिथे डॉक्टरांनीही उठून आपल्याकडे काय काय येत नाही ते सांगितलं. गावातली आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आजही कागदावर सगळीकडे आहे, आशाताई तिच्यात असतातच. पुढच्या ग्रामसभेआधी तिची वही मागून बघा: शेवटची बैठक कधी झाली, निधी किती आला, कशावर गेला. आणि केंद्रात कुत्र्याच्या लसीच्या किती कुपी आहेत, ते साठ्याच्या नोंदवहीतून डॉक्टरांच्या बरोबर बसून लिहून आणा.